ग्रँड हॉटेल, स्कारबरो

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील नॉर्थ यॉर्कशरमध्ये, स्कारबरो शहराच्या दक्षिण उपसागरावर सेंट निकोलस क्लिफ या कड्याला बिलगून उभे असलेले व्हिक्टोरियन काळातील हॉटेल. बांधकामास प्रारंभ १८६३; १८६७ मध्ये ते प्रवाशांना खुले झाले. वास्तुशिल्पी कथबर्ट ब्रॉड्रिक (१८२१–१९०५). पूर्ण झाले तेव्हा युरोपातील सर्वांत मोठ्या हॉटेलांत त्याची गणना होई. इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत ते ‘श्रेणी दोन तारांकित’ वर्गात मोडते.

स्कारबरोला सतराव्या शतकात औषधी पाण्याचा झरा सापडला. त्यापाठोपाठ समुद्रस्नानाची चाल पडली आणि १८४५ मध्ये यॉर्कहून आगगाडी आली. हॉटेल उभे राहण्याआधी आजारी माणसे हवापालटासाठी कड्यावरच्या भाड्याच्या घरांत उतरत. कादंबरीकार ॲन ब्राँटी २८ मे १८४९ रोजी अशाच एका घरात क्षयाने वारली. ते घर पुढे पाडले गेले. त्याच जागेवर हे हॉटेल आहे. तिची आठवण सांगणारा फलक हॉटेलच्या भिंतीवर लावलेला आहे.

या वास्तूविषयी सगळ्यांत जास्त सांगितली जाते ती पंचांगाची गोष्ट. चार मनोरे म्हणजे चार ऋतू, बारा मजले म्हणजे महिने, बावन्न धुरांडी म्हणजे आठवडे, आणि मूळच्या ३६५ खोल्या म्हणजे वर्षाचे दिवस. आराखडा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा आहे. तो व्हिक्टोरिया राणीच्या सन्मानार्थ, असेही सांगतात. राणीचा मान आपल्या जागी. पण दोन लांब पाख्यांमुळे बाहेरच्या उजेडावर उघडणाऱ्या खोल्या पुष्कळ मिळतात, आणि हॉटेलच्या हिशेबात ही गोष्ट कमी मोलाची नव्हे. बारा मजल्यांचा मेळ तर समुद्राकडच्या पायथ्यापासून मोजले तरच बसतो.

तो का, हे जागेवर गेल्यावर कळते. शहराच्या बाजूने येणाऱ्याला भारदस्त, पण डोळ्यांत मावेल एवढ्या उंचीची इमारत दिसते. वाळूवर उतरून मागे वळून पाहिले की तीच वास्तू दुप्पट झाल्यासारखी अंगावर येते. कारण कड्याच्या उतारावर आणखी मजले रचलेले आहेत, त्यांच्याखाली कमानींच्या रांगा आणि उताराला थोपवून धरणाऱ्या भिंती. तळघर म्हणावे असा हा भाग इथे दर्शनी बाजू होऊन बसला आहे. या किनाऱ्याच्या उतारांत हिमनद्यांनी आणून टाकलेली दगडगोट्यांची चिकणमाती मोठ्या प्रमाणावर आहे आणि ती पाण्याने फुगली की सरकते. उपसागराच्या दक्षिण टोकाचे होलबेक हॉल हे हॉटेल जून १९९३ मध्ये अशाच दरडीने कोसळले. ते लक्षात घेता ग्रँडचे खरे कर्तब छपरावरच्या धुरांड्यांपेक्षा पायाशी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कड्यावरून वाळूवर उतरण्याची अडचण मात्र हॉटेल झाल्यावरही उरलीच होती. ब्रिटनमधील पहिली कडा-रेल्वे १८७५ मध्ये याच उपसागरावर सुरू झाली, आणि १८८१ मध्ये हॉटेलच्या शेजारीच दुसरी आली.

ब्रॉड्रिक हा हल शहराचा. लीड्सचा टाऊन हॉल (१८५८) आणि लंबवर्तुळाकार धान्यबाजार, म्हणजे कॉर्न एक्स्चेंज (१८६३), या त्याच्या आधीच्या वास्तू. तरुणपणी त्याने फ्रान्स आणि इटली पाहिली होती. त्यातले फ्रान्सचे वळण ग्रँडमध्ये ठळक उतरले आहे. पिवळसर विटांच्या भिंती, त्यांवर लालसर सजावट, उंच उताराचे छप्पर, त्यातून डोकावणाऱ्या खिडक्या आणि कोपऱ्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे फुगीर घुमट, असा सगळा थाट तिसऱ्या नेपोलियनच्या काळच्या पॅरिसचा. नक्षी काही ठिकाणी जड वाटते; मात्र समुद्रावरून मैलोगणती अंतरावर ओळखू यावी अशी आकृती हलक्या हाताने साधली नसती. १८७०च्या सुमारास ब्रॉड्रिक व्यवसाय आटोपून फ्रान्सला गेला.

आत शिरल्यावर स्तंभ-कमानींनी वेढलेले उंच दालन आणि त्यातून चढत जाणारा रुंद जिना लागतो. न्हाणीघरांतील टबांना नेहमीच्या नळांखेरीज नळांची आणखी एक जोडी होती, ती समुद्राच्या पाण्यासाठी. खाऱ्या पाण्याने आंघोळ करायची, पण वाऱ्यात कुडकुडायचे नाही, अशी ती सोय.

१६ डिसेंबर १९१४ रोजी सकाळी ‘डेरफ्लिंगर’ आणि ‘फॉन डेर टान’ या जर्मन युद्धनौकांनी शहरावर तोफा डागल्या. हॉटेलच्या समुद्राकडील बाजूचे त्यात बरेच नुकसान झाले. दुसऱ्या महायुद्धात येथे ब्रिटिश हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींचा मुक्काम होता. १९७८ मध्ये वास्तू बटलिन्स या सहलगृहे चालवणाऱ्या कंपनीकडे गेली. त्यानंतरही मालकी बदलली, वापर हॉटेलचाच राहिला. किटीवेक हे कुरव जातीचे समुद्रपक्षी वसंतात दक्षिण उपसागरात येतात आणि कड्याबरोबरच हॉटेलच्या खिडक्यांच्या पट्ट्यांवरही घरटी बांधतात. त्यांना अटकाव म्हणून दर्शनी भागावर जाळ्या लावल्या गेल्या आहेत.