शेपटीला चिमटा असलेला कीटक

बागेतील ओलसर कुंडी उचलली, की तिच्याखालून एखादा लांबट, चपटा, तपकिरी किडा लगबगीने अंधाराकडे पळताना दिसतो. त्याच्या शेपटाकडे लहानसा चिमटा असतो. इंग्रजीत याला 'इअरविग' म्हणतात. झोपलेल्या माणसाच्या कानात तो शिरतो, या युरोपातील जुन्या समजुतीतून हे नाव आले. समजूत निराधार आहे. चुकून एखादा किडा कानात जाऊ शकतो, पण तसे झुरळाबाबतही घडते.

आपल्याकडे कानाची ही धास्ती गोमेशी जोडली गेली आणि त्यामुळे दोघांची गल्लत होते. वास्तविक फरक ढोबळ आहे. गोमेला शरीराच्या जवळजवळ प्रत्येक वलयाला पायांची एक जोडी असते, याला सहाच पाय. गोमेचा दंश विषारी असतो. याच्याजवळ विष नाही. हातात धरल्यास चिमटा काढील, इतकेच.

चिमटा नीट पाहिला तर नर-मादीही ओळखता येतात. युरोपीय जातीत नराचा चिमटा बाकदार, तर मादीचा बराचसा सरळ असतो. पंख असलेल्या जातींत ते आखूड, चिवट झाकणांखाली अनेक घड्या घालून ठेवलेले असतात. मात्र हा कीटक क्वचितच उडतो.

याचे खरे नवल मादीच्या वात्सल्यात आहे. कीटकांची बहुतेक जात अंडी घालून निघून जाते. ही मादी मात्र जमिनीतील बिळात अंड्यांवर पहारा देते, त्यांना बुरशी लागू नये म्हणून ती चाटून स्वच्छ ठेवते आणि पिले बाहेर आल्यावरही काही काळ त्यांच्याजवळ राहते.

शेतकऱ्याला मात्र याचे कौतुक बेतानेच करावे लागते. काही जाती मावा फस्त करतात, म्हणून उपकारक. पण भारतात भुईमुगाच्या शेंगा पोखरणाऱ्या जातीही आहेत. कोवळी रोपेही हा कुरतडतो.

घरात तो येतो तो ओलावा शोधत. त्यासाठी विषारी फवारे मारणे अनावश्यक वाटते. गळके नळ दुरुस्त करावेत, भिंतीलगतचा पालापाचोळा हलवावा, दाराखालच्या फटी बुजवाव्यात. बागेत उपद्रव वाढलाच, तर वर्तमानपत्राची ओलसर गुंडाळी रात्री वाफ्यात ठेवावी आणि सकाळी ती साबणाच्या पाण्यात झटकावी. कानात कोणताही किडा गेल्यास काडी अथवा पिन घालू नये, डॉक्टरांकडे जावे.