बाईकचं ऑईल बदललं आणि त्रास सुरू झाला? धूर, गळती, क्लच घसरणं यामागची कारणं आणि उपाय

डोंबिवलीत घरापासून स्टेशनपर्यंत जाऊन दिवसभर पार्किंगमध्ये उभी राहणारी बाईक असो किंवा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालणारी, इंजिन ऑईल वेळेवर बदलावंच लागतं. पण कधीकधी ऑईल बदलून गाडी घरी येते आणि नवीच तक्रार सुरू होते. अशा वेळी लगेच इंजिन खोलायची गरज नसते. बहुतेकदा ऑईलचं प्रमाण, ऑईलचा प्रकार किंवा बोल्ट-वायसर यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं.

सगळ्यात आधी पातळी तपासा

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा आत घाला आणि बाहेर काढून पाहा. ऑईल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे असायला हवं. अनेक गाड्यांत मोजताना डिपस्टिकचे आटे फिरवायचे नसतात, ती नुसती टेकवायची असते. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. काही गाड्यांना डिपस्टिकऐवजी इंजिनच्या बाजूला काचेची खिडकी असते.

इथेच एक नेहमीची चूक सापडते. १०० सीसीच्या अनेक गाड्यांना ऑईल बदलताना एक लिटरपेक्षा कमी ऑईल लागतं, पण डबा एक लिटरचा असतो आणि तो पूर्ण ओतला जातो.

धूर येतोय

धूर इंजिनच्या किंवा सायलेन्सरच्या बाहेरच्या बाजूने येत असेल तर ते ओतताना सांडलेलं ऑईल जळत असतं. ते पुसून घ्या, थोड्या वेळात धूर थांबेल. सायलेन्सरच्या तोंडातून निळसर धूर येत असेल तर ऑईल जास्त झालेलं असू शकतं. जादा ऑईल घुसळलं जाऊन ब्रीदर पाईपमधून एअर फिल्टरपर्यंत पोहोचतं आणि तिथून इंजिनात जळतं. जास्तीचं ऑईल काढा आणि एअर फिल्टरही तपासा. पातळी बरोबर असूनही निळा धूर येतच राहिला तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याची शक्यता असते.

खाली थेंब पडतायत

ड्रेन बोल्टचं वायसर जुनंच राहिलं की गळती होते. वायसर स्वस्त असतं, ते प्रत्येक वेळी नवीन टाकावं. फिल्टरच्या झाकणातून गळत असेल तर ओ-रिंग पाहा. जुनी रिंग आत चिकटून राहते आणि तिच्यावरच नवीन बसवली जाते, असंही घडतं. गळती थांबवायला बोल्ट जोर लावून आवळू नका. आटे गेले तर छोटं काम मोठं होतं.

क्लच घसरतोय

अॅक्सिलरेटर दिला की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. हे गायमुख घाटाच्या चढावर किंवा मागे माणूस बसल्यावर जास्त जाणवतं. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. त्यामुळे ऑईल इंजिनला गुळगुळीत ठेवणारं, पण क्लच प्लेटला पकड देणारं लागतं. अशा ऑईलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असं लिहिलेलं असतं. ‘एमबी’ लिहिलेलं ऑईल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतं. ते किंवा कारचं ऑईल बाईकमध्ये गेलं तर क्लच घसरू शकतो. योग्य ऑईल टाकल्यावर बऱ्याचदा फरक पडतो, नाहीतर प्लेट बदलाव्या लागतात. त्याआधी क्लच लिव्हरला मॅन्युअलमध्ये सांगितलेला मोकळेपणा आहे का, तेही बघा.

गिअर जड, आवाज जास्त

१०डब्ल्यू-३० ऑईल सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू-४० टाकलं तर थंड इंजिनाला ते जाड पडतं. त्यामुळे गिअर जड लागू शकतात आणि अॅव्हरेजही थोडं कमी होऊ शकतं. इंजिनातून टिकटिक किंवा खडखड येत असेल तर मात्र थांबा. ऑईल कमी असेल किंवा फिल्टर उलटा बसला असेल. काही गाड्यांत फिल्टर उलटा बसला की ऑईलचा प्रवाहच अडतो.

ऑईल दुधाळ दिसतंय

याचा अर्थ ऑईलमध्ये पाणी मिसळलंय. स्टेशनपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही आणि आतला ओलावा उडून जात नाही. त्यामुळे झाकणाला थोडा पांढरा फेस दिसू शकतो. गाडी अधूनमधून लांब चालवली की तो कमी होतो. पण पावसात गाडी पाण्यात बुडाली असेल आणि सगळंच ऑईल दुधाळ झालं असेल तर स्टार्टर मारू नका. गाडी ढकलत गॅरेजला न्या. नवीन ऑईल लवकर काळं होणं मात्र नेहमीचं आहे. ते आतली काजळी धरून ठेवतं.

गाडी अजिबात कधी चालवू नये?

- डिपस्टिकला ऑईल लागत नसेल
- ऑईलचा लाल दिवा बंद होत नसेल
- ऑईल मागच्या टायरवर उडत असेल

पहिल्या दोन स्थितींत इंजिन जाम होऊ शकतं. तिसऱ्या स्थितीत ओल्या रस्त्यावर गाडी सरकून जिवावर बेतू शकतं.

काढलेलं ऑईल गटारात ओतू नका

वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. गटारात ओतलेलं ऑईल नाल्यांतून खाडीत पोहोचतं, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर पाणथळ स्थळ आहे. घरी ऑईल बदलत असाल तर जुनं ऑईल डब्यात भरून, ते गोळा करणाऱ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या.

पुढच्या वेळी ऑईल बदलताना तीन गोष्टी स्वतः बघा: डबा तुमच्यासमोर उघडला का, वायसर नवीन टाकलं का आणि शेवटी डिपस्टिक तपासली का.