पळसनाथाच्या शिखराजवळ

नाईल नदीत लक्सर ते अस्वान अशी जहाजाची सफर असते. प्रवासी तीन-चार दिवस जहाजावरच राहतात, काठाला उतरून फिरऔनांच्या काळातली देवळे पाहतात आणि गाईड त्यांना खांबाखांबाचा इतिहास सांगतो. आम्हा खुटबावकडच्या लोकांच्या खिशाला ही सफर झेपणारी नाही. पण आमच्या भीमेतही एक देऊळ आहे, जे होडीत बसूनच पाहावे लागते. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे पळसनाथ मंदिर.

उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. साठवण सुमारे 117 टीएमसी. जुने पळसदेव पाण्याखाली गेले आणि गाव वर सोलापूर रस्त्याकडे सरकले. पिंड गावकऱ्यांनी नव्या गावठाणात नेली, देऊळ मागेच राहिले. धरण भरले की शिखराचा वरचा भाग तेवढा पाण्यावर दिसतो. 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणजे मृतसाठ्यातलेही जवळपास निम्मे पाणी संपले. तेव्हा लोक चालत सभामंडपात गेले, वीरगळ पाहून आले.

मी गेलो तेव्हा पाणी बरेच होते. होडीवाला हाच आमचा गाईड. शिखराजवळ त्याने वल्हे थांबवले, पण देवळाबद्दल फार बोलला नाही. "मास्तर, ह्या अंगाला वेस हुती. तिकडं आमचं घर," असे म्हणत तो पाण्याकडे हात करत राहिला. धरण झाले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. हा भूगोल त्याला बापाने सांगितलेला.

मला अस्वानजवळचे फिले आठवले. तिथे 1902 साली इंग्रजांच्या काळात पहिले धरण झाले, तेव्हा इसिस देवीचे मंदिर वर्षातले काही महिने पाण्यात जाऊ लागले आणि प्रवासी खांबांमधून होड्या फिरवू लागले. पुढे नासर यांच्या सरकारने मोठे धरण बांधायचे ठरवले, तेव्हा 1959 मध्ये त्यांनी युनेस्कोकडे मदत मागितली. अबू सिंबेल 1964 ते 1968 या काळात दगड दगड कापून उंचावर नेले. फिले शेजारच्या बेटावर हलवून 1980 मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच साली इकडे उजनी पूर्ण होत होते. कुरआनात फिरऔन जुलमी आणि गर्विष्ठ राजा म्हणून येतो. तरी त्याच्या मुलखातली देवळे वाचवण्यासाठी एका मुस्लिम देशाने जगापुढे हात पसरले. लक्सरच्या देवळात तर अबुल हज्जाज यांची मशीद आजही आहे.

हे मला महत्त्वाचे वाटते ते वर्गातल्या एका प्रश्नामुळे. यवतजवळच्या डोंगरावरचे भुलेश्वर आमच्यापासून जवळ. एकदा उर्दू शाळेची मुले तिथे नेली. बाहेरून घुमट आणि मिनारासारखी बांधणी पाहून काहींना ती दर्गाच वाटली. आत काळ्या दगडातल्या सुरसुंदरी, रामायण-महाभारतातले प्रसंग, स्त्रीरूपातला गणपती. बऱ्याच मूर्तींचे चेहरे आणि हात तुटलेले. एका मुलाने हळूच विचारले, "सर, ये अपने लोगां तोडे क्या?"

'नाही' म्हणणे सोपे होते. पण सुलतानांच्या आणि मुघलांच्या फौजांनी देवळे फोडली, हा इतिहास आहे. मी तो सांगितला. मग 'अपने लोगां' या शब्दांकडे वळलो. याच डोंगरावर 1630 च्या सुमारास दौलतमंगळ किल्ला उभा करणारा मुरार जगदेव आदिलशाहीचा सरदार. शहाजीराजांच्या जहागिरीतले पुणे त्यानेच जाळले. सुलतान मुसलमान, पुणे जाळणारा ब्राह्मण. मग यातले आपले कोण? मुले गप्प झाली. हत्तीला नावेत उभे करून त्याची चांदीने तुला करणारा, ज्यावरून तुळापूर हे नाव पडले असे सांगतात, तोही हाच मुरार जगदेव, म्हटल्यावर मात्र सगळी हसली.

दौंडच्या पलीकडे भीमेकाठी पेडगाव आहे. वेड पांघरून पेडगावला जातात, ते हेच. इथे मुघल सुभेदार बहादुरखान कोकलताशचा तळ होता. 1689 मध्ये कैद झालेल्या संभाजीराजांना इथेच औरंगजेबापुढे आणले. 11 मार्चला त्यांची हत्या झाली, हे सांगताना माझाही आवाज खाली येतो. त्याच किल्ल्यात यादवकाळातले लक्ष्मी-नारायण मंदिर कोरीवकामासह उभे आहे. मुघल छावणी वर्षानुवर्षे त्याच्या शेजारी राहिली. एकाच किल्ल्यातल्या या दोन गोष्टी मुलांना एकाच तासात सांगाव्या लागतात, आणि इतिहास शिकवणाऱ्याला वेड पांघरून भागत नाही.

मुलांना पळसदेवला होडीतून न्यायचे मनात आहे. पण मे 2024 मध्ये याच पाण्यात कळाशी-कुगाव दरम्यान होडी उलटून सहा जण बुडाले, तेव्हापासून पालक होडीचे नाव काढू देत नाहीत. त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळणार असेल तर पाहू, असे दोघा-तिघांनी सांगितले आहे. नाहीतर एखाद्या कोरड्या उन्हाळ्याची वाट पाहायची, आणि दुष्काळ पडावा असे तर कुणी मागू शकत नाही.