काळ्या जोडीची तपकिरी पिल्लं

शके ११९२, इसवी सन १२७०. देवगिरीवर यादवांचं राज्य आहे आणि तुम्ही कयाधूच्या काठी, नरसीत उभे आहात. दामाशेटी शिंप्याच्या घरी नामदेव जन्माला येण्याचं हे साल. तुम्ही मात्र गावकुसाजवळच्या एका परसात, डालग्यापुढे उकिडवे बसला आहात. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून आज एकविसावा दिवस. हात आखडता ठेवा, ती चोच मारेल.

आई काळी. उकिरड्यावर आरवणारा बापही काळाच. बारा पिल्लं फुटतात: नऊ काळी आणि तीन तपकिरी, पाठीवर गडद पट्टे असलेली. घरची म्हातारी वाकून बघते आणि म्हणते, "पणज्यावर गेली, पाव्हणं."

तिचं बरोबर आहे. कोंबडीच्या पिसांत मुळात दोनच रंगद्रव्यं असतात, काळं आणि तांबूस. पांढरं पीस म्हणजे रंग न बनलेलं पीस. कुठल्या पिसात कोणतं द्रव्य भरायचं, हे ठरवणाऱ्या जनुकांत एमसी१आर हे मोठं नाव. पिल्लाला त्याची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. काळा करणारी एक जरी प्रत आली तरी पिल्लू काळं. या जोडीत दोघांकडेही एकेक जुनी प्रत दडलेली आहे. ज्या पिल्लाला दोन्हीकडून जुनीच आली, ते तपकिरी. सरासरीनं चारांत एक.

ती जुनी प्रत कुठली, हे बघायला आणखी काही हजार वर्षं मागे चला. बांबूच्या बेटाखाली तांबडी रानकोंबडी पाचोळा उकरते आहे. तिची पट्टेरी पिल्लं हलली नाहीत तर तुम्हाला दिसतसुद्धा नाहीत. इथे काळं किंवा पांढरं पिल्लू जन्मलं तर शिकारी पक्ष्याच्या नजरेतून सुटणं कठीण. माणसाच्या अंगणात ते जगलं, वाढलं, म्हणून आज इतके रंग दिसतात. आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याचाही यात वाटा आहे. गावरान कोंबडीचे पिवळे पाय त्याच्याकडून आले, हे २००८ साली जनुकांवरून सिद्ध झालं.

आता पुढे, १९०८. नरसी निजामाच्या मुलखात आहे. वनस्पतींसारखाच मेंडेलचा आनुवंशिकतेचा नियम प्राण्यांनाही लागू पडतो, हे इंग्लंडात विल्यम बेटसन यांनी कोंबड्यांवर प्रयोग करून १९०२ मध्येच दाखवलेलं आहे. यंदा अमेरिकेत विल्यम स्पिलमन काबऱ्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या कोंबड्यांचं कोडं उलगडतात: हा रंग लिंगाशी बांधलेला आहे. कोंबड्याकडे झेड गुणसूत्रं दोन, कोंबडीकडे एकच. पट्ट्यांचं जनुक त्याच झेडवर. कोंबडी आपला झेड फक्त मुलांना देते. म्हणून आईचा काबरा रंग मुलीला कधीच मिळत नाही. मला हे या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं, आणि ते गावच्या परसात डोळ्यांनी बघता येतं.

या आजच्या नरसीत. जिल्हा हिंगोली, १ मे १९९९ पासूनचा. परसात काबरी कोंबडी आहे आणि तांबडा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) कोंबडा. जातिवंत काबरीच्या अंगात काळा करणारं जनुकही असतं, त्यामुळे पिल्लं सगळी काळी निघतात. पण काहींच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. ठिपकेवाले नर, बिनठिपक्याच्या तलंगा. अंड्यांसाठी कोणती राखायची, हे पहिल्याच दिवशी कळलं.

जोडी उलटी लावू नका. काबरा कोंबडा घेतलात तर नर-मादी दोन्ही पिल्लं काबरी होतात आणि ठिपक्यावरून नर-मादी ओळखता येत नाही. कोंबडी काबरी, कोंबडा तांबडा, एवढं पाळा. आणि कोणाच्या पोटी कोणत्या रंगाचं पिल्लू निघालं, ते वहीत लिहून ठेवा.