दहा धड्यांत रॅगटाइम : जॅझ पियानोच्या शिकवणी-पुस्तकांचा मागोवा

शिकागोत १९०३ साली अ‍ॅक्सेल ख्रिस्टेन्सन नावाच्या, नुकतीच विशी ओलांडलेल्या तरुणाने एक जाहिरात दिली. दहा धड्यांत रॅगटाइम शिकवू, एवढाच तिचा मतलब. आपल्याकडे एसटी स्टँडवर ‘पंधरा दिवसांत हार्मोनियम’ छापाची पुस्तके मिळत, त्याच गोत्रातली ही गोष्ट. पण ख्रिस्टेन्सन गल्लीतला मास्तर राहिला नाही. पाठोपाठ त्याचे पुस्तक आले, त्या पुस्तकावर चालणाऱ्या शाळा अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत निघाल्या आणि १९१४ पासून त्याचे स्वतःचे मासिकही सुरू झाले.

अर्थात पहिला मान त्याचा नव्हे. बेन हार्नी यांचे रॅगटाइम शिकवणारे पुस्तक १८९७ मध्ये शिकागोतच निघाले होते. त्या काळी अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात पियानो ही दिवाणखान्याची शोभा होती. छापील स्वरलिपी दुकानात मिळे, घरातल्या मुलीला ती वाचताही येई. पण डावा हात घड्याळासारखा ठोके देत असताना उजव्या हाताने त्या ठोक्यांच्या मधोमध जोर द्यायचा, हे काही केल्या जमत नसे. ख्रिस्टेन्सनने नेमकी ही नड ओळखली. ओळखीचे कुठलेही गाणे घ्यावे, त्याची चाल उजव्या हातात काही ठरावीक लयनमुन्यांत मोडून बसवावी, डाव्या हाताने खालचा स्वर आणि मग स्वरसंघ असे आळीपाळीने वाजवत राहावे, की झाला रॅगटाइम. मी स्वतः हा प्रयोग करून पाहिला आहे. पंधरवड्यात कोणतेही गाणे रॅगटाइमसारखे वाजू लागते, आणि विसाव्या दिवशी लक्षात येते की सगळी गाणी एकसारखीच वाजत आहेत.

या धंद्यातली बोचणारी बाब वेगळी आहे. संगीत घडवले कृष्णवर्णीय वादकांनी. ते शिकवण्याची साखळी उभारून पैसा केला एका गोऱ्या मास्तराने. स्कॉट जॉप्लिन यांची १९०८ सालची ‘स्कूल ऑफ रॅगटाइम’ ही पुस्तिका हाती घेताना हे ध्यानात ठेवावे लागते. ‘मेपल लीफ रॅग’ प्रसिद्ध होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. पुस्तिकेत धडे अवघे सहा. नेहमीच्या दोन ओळींच्या वर आणखी एक ओळ छापून, कोणता स्वर कोणत्या मात्रेत पडतो हे तुटक रेषांनी फोडून दाखवले आहे. मजकुराचा सूर कडक हेडमास्तरांचा : लिहिले आहे तेवढेच वाजवा, घाई करू नका. काही अभ्यासकांना यात हटवादीपणा दिसतो. मला तसे वाटत नाही. ज्याच्या संगीताला गुत्त्यातला धांगडधिंगा म्हणून हिणवले जात होते, त्या माणसाने आपल्या प्रत्येक स्वराला शोपँच्या स्वराइतकाच मान द्या, असे मागणे यात हट्ट कसला?

मात्र पुढच्या पिढीचा खरा गुरू ठरला तो वेगळाच कागद. स्वयंचलित पियानोत भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी लावत. पायाने भाता हलवला की भोकांतून हवा खेचली जाई आणि पट्ट्या आपोआप खाली जात, जणू कुणी अदृश्य माणूस वाजवतो आहे. जेम्स पी. जॉन्सन यांच्या ‘कॅरोलिना शाउट’ची अशी गुंडाळी १९२१ मध्ये बाजारात आली. वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्या ड्यूक एलिंग्टनने यंत्राची गती मंद केली, खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटे टेकवली आणि ती रचना उतरवून घेतली. फॅट्स वॉलरही हीच रचना अशाच गुंडाळीवरून शिकला. ना स्वरलिपी, ना धडे. गुरूचा हात दिसत नाही, पण त्याची बोटे कुठे पडली ते दिसते. शिकवण्याचे याहून चांगले साधन मला तरी ठाऊक नाही.

मुंबईलाही हे पुस्तकाबाहेरचे शिक्षण मिळाले. शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफोर्ड १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत असे (१९४५ मध्ये तो कलकत्त्यात वारला). गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी पक्की करून आलेले वादक अशा कृष्णवर्णीय वादकांच्या शेजारी बसले. वाचन त्यांना येतच होते. कागदावर नसलेला भाग त्यांनी तिथे कानाने उचलला.

हा कागदावर नसलेला भाग म्हणजे काय, हे एका साध्या गोष्टीवरून कळेल. एका मात्रेतले दोन स्वर जॅझमध्ये सारख्या लांबीचे लिहितात. वाजवताना पहिला लांबतो, दुसरा आखडतो. किती? त्याचे प्रमाण ठरलेले नाही. लय जलद झाली की फरक कमी होत जातो, आणि वादकागणिकही तो बदलतो. पुस्तके यावर एखादा परिच्छेद खर्च करतात आणि पुढे जातात.

जॉन मेहेगन यांनी तर आपला सगळा जोर जे लिहिता येते त्यावरच लावला. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत ते जॅझ शिकवत. १९५९ ते १९६५ या काळात त्यांच्या ‘जॅझ इम्प्रोव्हायझेशन’चे चार खंड निघाले, पहिल्याला लेनर्ड बर्नस्टाइन यांची प्रस्तावना आहे. पाच जातींचे स्वरसंघ, बारा स्वर, म्हणून एकूण साठ, असा त्यांचा हिशेब. स्वरसंघांना नावांऐवजी रोमन आकडे दिल्यामुळे पट्टी कोणतीही घ्या, नाते तेच राहते. पांढरी एक काय आणि काळी चार काय, सा तो सा, हे मुरलेल्या आपल्या कानांना ही पद्धत परकी वाटत नाही. शिकवणीला गाणी आहेत, पण त्यांची फक्त आकड्यांची माळ दिलेली. चाल तुम्हाला आधीच येत असणार, असे गृहीत धरलेले.

फाउंटनच्या फुटपाथवर पहिला खंड मिळाला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि शिकवायला कुणी नव्हते. वर्षभरात साठही स्वरसंघ कुठल्याही पट्टीत बोटांवर आले. एका जाणकार स्नेह्याला मोठ्या उत्साहाने वाजवून दाखवले. तो म्हणाला, गणित बरोबर आहे. ज्या गाण्यांच्या माळा मी घोकल्या होत्या, त्यांतले एकही मी ऐकलेले नव्हते!

पुढे १९७० च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयाच्या परिसरात ‘रिअल बुक’ नावाचा चोरटा संग्रह हातोहात विकला जाऊ लागला. त्यात चाल आणि स्वरसंघांची नावे, बाकी शिकवणी शून्य. वर चुकाही भरपूर. त्याची परवाने घेतलेली आवृत्ती यायला २००४ साल उजाडले. १९८९ मध्ये मार्क लेव्हिन यांचे ‘द जॅझ पियानो बुक’ आले आणि आजही शिक्षक बहुधा तेच सुचवतात. मेहेगन यांच्या तुलनेत ते बोलघेवडे, मनमिळाऊ आहे. स्वरसंघ दोन हातांत कसा वाटावा, डाव्या हाताने मूळ स्वर गाळून काय धरावे, हे ते वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगते. मात्र स्वरलिपी वाचायला अडखळणाऱ्याने त्यापासून सुरुवात करू नये. तिसऱ्या प्रकरणापर्यंत दमछाक होते.

कोणते घ्यावे, असे मला अधूनमधून विचारले जाते. मी विचारणाऱ्यालाच दहा जॅझ गाणी गुणगुणून दाखवायला सांगतो. येत असतील तर लेव्हिन घ्यावा, आणि पट्ट्या बदलण्याच्या सरावासाठी सोबत मेहेगनचा पहिला खंड. येत नसतील तर पुस्तकाचे पैसे तूर्त खिशात ठेवून सहा महिने टेडी विल्सन ऐकावा, डावा हात काय करतो तिकडे कान ठेवून. विल्सनचीही शिकवणी-पुस्तके आहेत म्हणा, पण ती नंतर.