लगाशचे धान्य आणि खामगावचा कापूस

संगणकावर आळीपाळीने खेळायचा, डावपेचांचा खेळ म्हटला की बुद्धिबळ आठवते. परंतु नवशिक्याने आज्ञावली लिहिण्याचा श्रीगणेशा बुद्धिबळापासून करू नये, असे आमचे मत आहे. सोंगट्यांच्या चाली लिहून काढण्यातच त्याचा उत्साह संपतो. त्यापेक्षा सोपा आणि शाळेशी अधिक जवळचे नाते असलेला एक खेळ आहे. तो रचला तोही एका शाळाशिक्षिकेने.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कटोना नावाचे गाव आहे. तेथील प्राथमिक शाळेतील शिक्षिका मेबल अ‍ॅडिस यांनी १९६४ साली 'द सुमेरियन गेम' हा खेळ तयार केला. आयबीएम कंपनी आणि वेस्टचेस्टर परगण्यातील शिक्षणसंस्था यांचा तो संयुक्त प्रयोग होता. नियम व मजकूर अ‍ॅडिसबाईंचा, आज्ञावली विल्यम मॅके यांची. विद्यार्थी प्राचीन सुमेरमधील लगाश नगराचा राजा होई. कोठारात धान्य किती, प्रजा किती, हे दूरटंकयंत्र छापून दाखवी. मग प्रजेला किती द्यायचे, किती पेरायचे आणि किती राखून ठेवायचे, ते विद्यार्थी टंकून सांगे. सहावीच्या मुलांनी तो खेळून पाहिला. पुढे मूळ आज्ञावली हरवली, पण कल्पना टिकली. डग डायमेंट यांनी १९६८ साली पीडीपी-८ या छोट्या संगणकासाठी तिचे संक्षिप्त रूप लिहिले. डेव्हिड अ‍ॅल यांनी ते बेसिक भाषेत आणून १९७३ साली आपल्या खेळसंग्रहात 'हमुराबी' या नावाने छापले. (हमुराबी बॅबिलोनचा, सुमेरचा नव्हे, पण संगणकवाल्यांनी इतिहासाची इतकी चिंता केली नाही.) बेसिक ही मुळात नवशिक्यांसाठीच घडवलेली भाषा. आपल्याकडे १९८४ साली केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प २५० शाळांपासून सुरू झाला, तेव्हा आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकांतही ती होती.

या खेळाचा सांगाडा पाहू. लक्षात ठेवायच्या राशी चारच: साल, माणसे, धान्य आणि जमीन. प्रत्येक डावात तीच पाच कामे त्याच क्रमाने होतात. स्थिती सांगायची, निर्णय विचारायचा, तो शक्य आहे का हे तपासायचे, फासा टाकायचा आणि राशी बदलायच्या. नवशिक्ये तिसरे काम विसरतात. कोठारात २,८०० मापे असताना खेळाडूने ५,००० वाटली, तर संगणक तक्रार न करता वजा २,२०० लिहून ठेवतो आणि राज्य सुखाने चालू राहते!

अ‍ॅल यांच्या आवृत्तीत आरंभी १०० माणसे, १,००० एकर जमीन आणि २,८०० मापे धान्य असते. माणशी वर्षाला २० मापे लागतात, एकरी अर्धे माप बियाणे लागते आणि एक माणूस १० एकर कसतो. पीक एकरी १ ते ५ मापे, म्हणजे फाशावर. जमिनीचा भाव एकरी १७ ते २६ मापे, तोही फाशावर. याशिवाय उंदीर आणि साथ आहेतच. एका वर्षी ४५ टक्क्यांहून अधिक माणसे उपाशी मेली की राजा पदच्युत होतो. संगणक नसला तरी हा खेळ फळ्यावर चालतो. साधा फासा टाकावा आणि ६ पडल्यास पुन्हा टाकावा.

आता हिशेब करू आणि उंदरांना तूर्त वगळू. प्रजेला २,००० मापे दिली, बियाण्याला ५००; उरली ३००. पीक एकरी ३ आले तर ३,००० मापे मिळून कोठार भरते. फाशावर १ पडला तर मात्र एकूण १,३०० मापे होतात. पुढील वर्षी पेरणी सोडून दिली तरी ६५ माणसेच जगतील. ३५ मरतील; पण ३५ हे ४५ पेक्षा कमी आहेत, म्हणून राजा गादीवर कायम! हुशार विद्यार्थी येथे दुसरी वाट काढतो. भाव २० असेल तर सुमारे ६० एकर विकायचे. सर्वांना पोटभर मिळते, पेरणीही होते.

ही वाट आम्हांला खटकते. दुष्काळात जमीन घेऊन धान्य देणारा हा कोण? खेळात त्याचे कोठार अक्षय आहे, आणि जमिनीच्या भावाचा फासा पिकाच्या फाशाला ओळखत नाही. वऱ्हाडचा इतिहास असा नाही.

बुलढाणा जिल्ह्याचेच पाहा. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग मलकापूर, शेगाववरून १८६७ साली नागपूरला पोचला. खामगावला जोडणारी शाखा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली, ती कापसासाठी. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात आले १९०५ साली.) ज्वारीच्या जमिनीत कापूस शिरला. जमिनीखालच्या पेवांतून धान्य साठवणारा शेतकरी कापूस विकून धान्य विकत घेऊ लागला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आले. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ साली सुमारे २९ लाख होती, ती १९०१ साली साडेसत्तावीस लाखांवर उतरली. कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी १९९७ साली ग्रंथरूपाने मांडला आहे.

तेव्हा लगाशची वऱ्हाडी आवृत्ती करू. निम्म्या जमिनीत ज्वारी, निम्म्या जमिनीत कापूस. बियाण्याचा खर्च तोच धरू. चांगल्या वर्षी एकरी ज्वारी ३ मापे पिकते आणि एकरभर कापूस विकून ४ मापे धान्य येते. हा ४ चा आकडा आम्ही खेळासाठी धरलेला आहे, इतिहासातून घेतलेला नाही. चांगल्या वर्षी मिळतात १,५०० अधिक २,०००, म्हणजे ३,५०० मापे. सगळी ज्वारी असती तर ३,००० मिळाली असती. कापूस घेणारा शहाणा ठरला. फाशावर १ पडला की ज्वारीची ५०० मापे येतात. कापूसही एकतृतीयांशच पिकतो आणि त्याच वर्षी धान्य तिप्पट महाग झाले, असे धरू. मग कापसाच्या एकरामागे ४ चा नववा भाग मिळतो. ५०० एकरांचे मिळून सुमारे २२२. शिल्लक ३०० धरून एकूण १,०२२ मापे. ५१ माणसे जगतात, ४९ मरतात आणि राजा पायउतार होतो.

आज्ञावलीत एवढ्यासाठी एकच ओळ बदलावी लागते: धान्याच्या भावासाठी नवा फासा टाकायचा नाही, पिकाचाच फासा उलटा वाचायचा. पाऊस हुकला की पीक आणि भाव एकाच वेळी फिरतात, हे त्या ओळीत येते. जमिनीच्या भावालाही तीच ओळ लावली, म्हणजे वाईट वर्षी सगळेच जमीन विकायला निघतात व भाव कोसळतो असे धरले, की ६० एकरांची ती युक्ती चालत नाही. दोन्ही आवृत्त्या दहा-दहा वर्षे खेळून मुलांनी मृतांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

४५ टक्के ही मर्यादा कोणी आणि का ठरवली, असा प्रश्न वर्गात हमखास येईल. तो आकडा निसर्गाचा नाही, आज्ञावली लिहिणाऱ्याचा आहे. तो १० करून पाहण्यास काहीच हरकत नाही. खेळातला राजा सर्वांना सारखेच धान्य वाटतो, हेही कोणी तरी म्हणेल. प्रत्यक्षात भूमिहीन मजुराचे काम आधी जाई आणि त्याच वेळी धान्य महागे. त्याच्यासाठी पाचवी रास लागेल: मजुरी.

कापसाच्या भावाला मात्र स्वतंत्र फासा द्यायला हवा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तेथील कापूस इंग्लंडला मिळेना आणि हिंदुस्थानातील कापसाचा भाव भडकला. युद्ध संपताच तो कोसळला. वऱ्हाडात त्या वर्षी पाऊस किती पडला, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. वर्गात या फाशाचे नाव 'लिव्हरपूल' ठेवावे.