दृष्टिहीनांसाठी बुद्धिबळ संगणकप्रणाली

दृष्टिहीनांसाठी बुद्धिबळ संगणकप्रणाली म्हणजे पडद्यावरील पट न पाहता, केवळ कळफलक आणि ध्वनी यांच्या आधारे बुद्धिबळ खेळता यावे यासाठी रचलेली संगणकप्रणाली होय. सर्वसाधारण प्रणालीत खेळाडू माउसने मोहरा हलवतो आणि झालेली चाल रंगवलेल्या घरांवरून ओळखतो. येथे माउसचे काम शॉर्टकट कळा करतात व रंगांचे काम उच्चारलेली चाल करते. मुंबईचे चारुदत्त जाधव यांनी विकसित केलेली 'टॉक ६४' ही या प्रकारची भारतीय प्रणाली आहे.

पार्श्वभूमी

दृष्टिहीनांसाठीच्या पारंपरिक पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असते आणि मोहऱ्याच्या तळाशी त्यात बसणारी खुंटी असते. काळे मोहरे स्पर्शाने ओळखता यावेत म्हणून त्यांवर वेगळी खूण केलेली असते. दृष्टिहीनांचे पहिले बुद्धिबळ ऑलिंपियाड १९६१ मध्ये जर्मनीतील मेशेडे येथे झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या (फिडे) नियमावलीत अशा सामन्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्यानुसार खेळाडू आपली चाल मोठ्याने सांगतो, प्रतिस्पर्धी ती पुन्हा उच्चारतो आणि आपल्या पटावर करतो.

स्पर्शाच्या पटावर दहा बोटांखाली अनेक घरे एकाच वेळी येतात. ध्वनी मात्र एकामागून एकच गोष्ट सांगू शकतो. ६४ घरांची स्थिती प्रत्येक चालीनंतर वाचून दाखवली, तर ऐकण्यातच खेळाडूचे घड्याळ संपेल. म्हणून विचारले तेवढेच आणि तत्काळ सांगणे, हे अशा प्रणालीच्या रचनेचे मुख्य सूत्र ठरते.

शॉर्टकट कळा

लिचेस या संकेतस्थळाच्या दृष्टिहीनांसाठीच्या रूपात बाणांच्या कळांनी घराघरांतून फिरता येते. 'एन' दाबल्यास पुढच्या घोड्यावर, 'बी' दाबल्यास पुढच्या उंटावर जाता येते. सोबत शिफ्ट दाबल्यास शोध उलट दिशेने होतो. १ ते ८ हे आकडे त्या त्या आडव्या ओळीवर नेतात. 'एल' कळ शेवटची चाल, 'टी' कळ घड्याळ आणि 'एम' कळ निवडलेल्या मोहऱ्याच्या शक्य चाली सांगते.

एकअक्षरी कळा जलद असल्या, तरी स्क्रीन रीडरच्या कळांशी त्यांचा संघर्ष होतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या वाचन-स्थितीत 'के' पुढच्या दुव्यावर व 'बी' पुढच्या बटणावर नेते. बुद्धिबळात हीच अक्षरे राजा व उंट यांची आहेत. इन्सर्ट आणि स्पेस या कळा एकत्र दाबून स्थिती बदलल्यावर अक्षरे खेळाच्या प्रणालीकडे पोहोचतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकेतस्थळ सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार (आवृत्ती २.१) एकअक्षरी शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा किंवा संबंधित घटकावर असतानाच चालू राहावा.

चालींचे सादरीकरण

बी, सी, डी, ई, जी ही इंग्रजी अक्षरे ऐकताना सारखी वाटतात. 'बी ४' ऐवजी 'डी ४' ऐकू आल्यास डाव हातचा जाऊ शकतो. फिडेच्या परिशिष्टात यासाठी उभ्या पट्ट्यांना अ‍ॅना, बेला, सेझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावे दिली आहेत. लिचेसवर चाल संक्षिप्त चिन्हांत, पूर्ण शब्दांत किंवा या नावांनी ऐकण्याची निवड करता येते. नवख्याला पूर्ण शब्द सोयीचे असतात. सरावलेल्या खेळाडूला संक्षिप्त रूप पुरते आणि त्याचा वेळ वाचतो.

मराठीतील प्रश्न

मराठीत मोहऱ्यांची नावे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादे अशी असल्याने इंग्रजी आद्याक्षरांशी त्यांचा मेळ नसतो. इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असताना 'बी'च्या कळेवर 'व' उमटतो. इंग्रजीत उंटाची असलेली कळ अशा वेळी वजिराचे आद्याक्षर देते. म्हणून प्रणालीने उमटलेले अक्षर पाहायचे की दाबलेल्या कळेची जागा, हे रचनाकाराने आधीच ठरवावे लागते. जागा धरल्यास कळफलकाची भाषा बदलली, तरी शॉर्टकट बदलत नाही.

महाराष्ट्रातील कार्य

चारुदत्त जाधव स्वतः दृष्टिहीन बुद्धिबळपटू असून अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार राहिला आहे. इयान मॅकडोनल्ड यांच्या 'अल्गोरिदम्स' (२०१२) या माहितीपटात भारतातील दृष्टिहीन बुद्धिबळपटूंसोबत त्यांचेही चित्रण आहे. स्पर्शाच्या पटावर सराव करण्यासाठी समोर जोडीदार असावा लागतो. बोलणाऱ्या प्रणालीमुळे दृष्टिहीन खेळाडूला एकट्याने सराव करणे, जुने डाव अभ्यासणे आणि डोळस प्रतिस्पर्ध्याशी दुरून खेळणे शक्य होते.